मेल्ड स्कोअर २१ की २६? लिव्हरच्या वेटिंग लिस्टवर असलेल्या माणसाचे पुढचे तीन महिने

तापीकाठ (चोपडा) – रविवार, रात्री

नमस्कार मंडळी. विषय जड आहे. पण इथे जळगाव, धुळे, नंदुरबारचे बरेच जण आहेत आणि काहींच्या घरात हे होऊन गेलंय, हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारते.

माझे वडील, आप्पा, वय ५९. माळकरी माणूस, दारूला कधी शिवले नाहीत. मधुमेह जुना, त्यातून फॅटी लिव्हर, त्यातून सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. गावात मात्र "लिव्हर गेलं म्हणजे घेत असतील" असंच बोललं जातं आणि आईला त्याचा फार त्रास होतो. पोटातलं पाणी काढावं लागतं. मुंबईच्या एका रुग्णालयामार्फत वेटिंग लिस्टवर नाव लागलंय, रक्तगट ओ पॉझिटिव्ह.

परवाचे रिपोर्ट: बिलिरुबिन ३.२, आयएनआर १.८, क्रिएटिनिन १.४, सोडियम १२८. आमच्या इथल्या डॉक्टरांनी यावरून मेल्ड स्कोअर, म्हणजे लिव्हर किती बिघडलंय आणि धोका किती याचा आकडा, २१ सांगितला. तेच रिपोर्ट मुंबईला पाठवले तर ते म्हणाले २६. भावाने नेटवर वाचलं की वीसच्या वर गेलं की तीन महिन्यांत पाचातला एक जातो. तेव्हापासून तो धड जेवत नाही. खरा आकडा कोणता? आणि नंबर लागण्याची वाट बघायची की घरातल्या दात्याची तपासणी सुरू करायची?

फिजिशियन_धुळे – रविवार, रात्री

ताई, दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत, सूत्रं वेगळी आहेत.

मूळचा मेल्ड तीन तपासण्यांवर चालतो. यकृत पित्त बाहेर टाकतंय का, हे बिलिरुबिनवरून कळतं. रक्त गोठवणारी प्रथिनं बनतायत का, हे आयएनआरवरून. आणि यकृताच्या आजारात किडन्याही ओढल्या गेल्यात का, हे क्रिएटिनिनवरून. तिन्हींचे नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन ३.७८, ११.२ आणि ९.५७ ने अनुक्रमे गुणतात, बेरजेत ६.४३ मिळवतात. स्कोअर ६ ते ४० च्या मध्ये धरला जातो. आप्पांचे आकडे घातले की २०.६ येतात, म्हणून २१.

मुंबईवाल्यांनी चौथी गोष्ट धरली, सोडियम. १३७ च्या खाली ते उतरत जाईल तसे गुण वाढत जातात, १२५ पर्यंत. आप्पांचं नऊने कमी आहे, म्हणून हिशोब २६ वर जातो. हे उगाच घातलेलं नाही. न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली आलेल्या अभ्यासात दिसलं की १४० ते १२५ या पट्ट्यात सोडियम एकेका अंकाने उतरलं की यादीवरच्या मृत्यूचा धोका साधारण पाच टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेत जानेवारी २०१६ पासून सोडियम धरूनच यादी लागते. तुमच्या वडिलांसारख्या, पोटात पाणी असलेल्या माणसासाठी २६ हा जास्त खरा आकडा समजा.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण आपल्याकडे हमखास होते. सोडियम कमी आलं म्हणून घरचे मीठ वाढवतात. कृपया करू नका. आप्पांच्या अंगात मीठ कमी नाही, उलट जास्तच आहे. त्याहून जास्त पाणी साठल्यामुळे ते पातळ झालंय. सिरॉसिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात, शरीराला वाटतं रक्त अपुरं आहे आणि ते पाणी धरून ठेवतं. मीठ वाढवलं तर पोट आणखी फुगेल. पापड, बिबडे, लोणचं, शेव, सगळं बंद. लघवी होण्याच्या गोळ्या कमी करायच्या का, पाणी मोजून द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील. स्वतःहून काही बदलू नका.

आकडेमोड_जळगाव – सोमवार, सकाळी

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या घरातही हा आजार येऊन गेला, तेव्हा हा विषय मुळापासून वाचला. भावाला हे नक्की वाचायला द्या.

मेल्ड वेटिंग लिस्टसाठी जन्मलाच नव्हता. २००० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लोकांनी टिप्स नावाच्या प्रक्रियेतून गेलेल्या २३१ रुग्णांवरून तो बांधला. टिप्समध्ये यकृतातून एक नळी घालून दाब कमी करतात. त्यानंतर कोण फार दिवस काढणार नाही, हे आधी ओळखता यावं एवढाच हेतू होता. पुढे लक्षात आलं की हेच सूत्र सिरॉसिसच्या इतर रुग्णांनाही लागू पडतं. २७ फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेने यादीचा क्रम त्यावर लावला.

त्याआधी यादीत किती काळ थांबलात याला फार महत्त्व होतं. कापूस खरेदी केंद्रावर ज्याची गाडी आधी लागली त्याचा नंबर आधी, मग मागच्या गाडीतला कापूस पावसात भिजत असला तरी. मेल्डने प्रश्न बदलला: कोणाचा कापूस आत्ता भिजतोय? यादीसाठी हा स्कोअर एवढंच काम करतो. तो माणसांना क्रम लावतो. एखाद्याचा दिवस सांगणं हे त्याचं काम नाही.

आता पाचातला एक कुठून आला ते बघू. २००३ मध्ये यादीवरच्या सुमारे ३,४०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांतल्या मृत्यूचं प्रमाण असं: स्कोअर ९ च्या खाली १.९ टक्के, १० ते १९ मध्ये ६, २० ते २९ मध्ये १९.६, ३० ते ३९ मध्ये ५२.६ आणि ४० ला ७१.३ टक्के. तुमच्या भावाने वाचलं ते हेच १९.६.

त्यात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, हा आकडा २० ते २९ च्या सगळ्या गटाचा आहे. २० वाला आणि २९ वाला एकाच टोपलीत आहेत, पण दोघांची तब्येत सारखी नसते. दुसरी, हा सोडियम न धरता काढलेला मेल्ड आहे, तेव्हा आप्पांचा २६ त्या कोष्टकात नेऊन बसवता येत नाही. त्यातला त्यांचा आकडा २१. तिसरी, ते रुग्ण दुसऱ्या देशातले, वीस वर्षांपूर्वीचे, त्यांच्या आजाराची कारणं वेगळी. प्रमाण साधारण त्याच अंगाने जातं, पण टक्क्यांचा दशांश आपल्या घरावर लावायचा नसतो. आणि शंभरातले वीस गेले तेव्हा ऐंशी तीन महिन्यांनंतर हयात होते, हेही त्याच ओळीत लिहिलेलं आहे.

अचूकता किती? त्याच अभ्यासात ती ०.८३ निघाली. साध्या भाषेत, यादीतले दोन रुग्ण घेतले, एक तीन महिन्यांत गेलेला आणि एक राहिलेला, तर गेलेल्याचा स्कोअर जास्त होता असं शंभरात ८३ वेळा दिसेल. वैद्यकातल्या एका सूत्रासाठी हे फार चांगलं आहे. पण १७ वेळा उलटंही होतं, आणि ती १७ माणसंही कुणाच्या तरी घरची असतात.

मी तर एका आकड्यापेक्षा मागचे चार आकडे ओळीने बघीन. तीन महिने २१ वर टिकलेला माणूस आणि महिन्यात १५ वरून २१ वर आलेला माणूस, दोघांची वाट वेगळी आहे. आप्पांचे जुने रिपोर्ट आहेत का?

तापीकाठ – सोमवार, दुपारी

फार आभारी आहे दोघांची. आमच्या घरी खरंच मीठ-लिंबाचं पाणी सुरू झालं होतं, आज बंद केलं.

जुने रिपोर्ट काढून तुमच्या सूत्रात घातले. दिवाळीच्या आधी सोडियम धरून १७, त्यानंतर १९, मग २२ आणि आता २६. म्हणजे चढच आहे. एक शंका, मधला एक आयएनआर दुसऱ्या लॅबचा आहे, तो १.५ होता.

फिजिशियन_धुळे – सोमवार, दुपारी

आयएनआर लॅबप्रमाणे बदलतो, तेवढ्याने स्कोअर दोन-तीन गुणांनी सहज हलतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. पण चार वेळा चढतच गेलाय, तेव्हा लॅबवर ढकलून मोकळं होता येणार नाही.

केळीबाग_रावेर – सोमवार, संध्याकाळी

ताई, मी थोडं दुसऱ्या बाजूने सांगतो. आमच्या मंडळींचं प्रत्यारोपण झालंय, त्यांच्या सख्ख्या बहिणीने यकृत दिलं. दोघी बऱ्या आहेत.

आमच्याकडे स्कोअर वाढतच नव्हता. १७ वर अडकलेला. एका ठिकाणी सांगितलं, "अजून वेळ आहे, घाई नको." इकडे मंडळींच्या दंडाचं मांस उतरलेलं, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायचा, रात्री झोप नाही आणि दिवसा गुंगी. मला कळेना की माणूस डोळ्यांसमोर खंगतंय आणि कागदावर बरं कसं दिसतंय. पुढे पुण्यात एका डॉक्टरांनी समजावलं. क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होतं. ज्याचे स्नायूच आटलेत त्याचं क्रिएटिनिन कमीच येणार, किडनी थकली तरी. बायकांमध्ये मुळात स्नायू कमी, म्हणून त्यांचा स्कोअर आणखी कमी दिसतो. यादीवर थांबलेल्या बायका पुरुषांपेक्षा जास्त का जातात, याचं एक कारण हेच निघालं. म्हणून मेल्ड ३.० आला. त्यात स्त्री असेल तर १.३३ गुण जास्त धरतात, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही धरतात. अमेरिकेत २०२३ पासून तोच वापरतात. घरात बाई आजारी असेल तर डॉक्टरांना या नव्या सूत्राने काढून द्या असं जरूर म्हणा.

त्या डॉक्टरांनी मंडळींच्या हाताची पकड मोजली, खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावलं, पाय जोडून उभं केलं. या तीन गोष्टींवरूनही यादीवरच्या माणसाचा धोका कळतो, तसं शास्त्र आहे. घरीसुद्धा दिसतं हो ते. आपण फक्त बिलिरुबिनकडे बघत बसतो.

आणि एक आमच्या भागाचं. आमच्याकडे केळी घरची. आजारी माणसाला मऊ म्हणून केळीच केळी. पोटातल्या पाण्यासाठी जी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी असते तिने रक्तातलं पोटॅशियम वाढतं, केळ्यानेही वाढतं, आणि क्रिएटिनिन चढलेलं असेल तर ते बाहेर पडत नाही. आप्पांना केळी किती चालतील ते विचारून घ्या.

खानदेशी_माय – सोमवार, रात्री

पोरी, तुनं लिखेल वाचीसन डोयामा पानी उनं. मना भाऊ असाच गया, आम्हले यादी काय ऱ्हास तेच माहीत नव्हतं.

बाकीच्यांसाठी मराठीत लिहिते. आमच्या गावाकडे कावीळ म्हटली की आधी झाडपाल्याचं औषध, माळ घालणं, मग हळद-तूप बंद, तेल बंद, डाळ बंद. भाऊ महिनाभर भात आणि उसाच्या रसावर होता. डॉक्टरकडे नेला तेव्हा भ्रमात गेला होता. जेवण बंद करणं बरोबर असतं का, हे कोणी जाणकाराने लिहा, म्हणजे दुसऱ्याच्या घरी तसं होणार नाही.

फिजिशियन_धुळे – मंगळवार, सकाळी

मावशी, बरं झालं तुम्ही हे विचारलंत.

सिरॉसिसमध्ये प्रथिनं बंद करणं चूक आहे. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७० ते ९० ग्रॅम. डाळ, दूध, दही, पनीर, सोयाबीन, अंडं चालत असेल तर अंडं. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, तीही चांगली, फक्त पिठात मीठ नको. रात्री झोपताना काहीतरी खायला द्या. थकलेलं यकृत रात्रभराची साखर साठवू शकत नाही, मग शरीर पहाटे स्वतःचे स्नायू तोडून भागवतं. केळीबाग भाऊंनी सांगितलेलं दंडाचं मांस असंच उतरतं.

झाडपाल्याबद्दल: नाव-गाव नसलेली काविळीची औषधं घेऊन यकृत निकामी झालेले रुग्ण आम्ही बघतो. करोनाच्या काळात रोज गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. यादीवर असलेल्या माणसाला डॉक्टरांना न सांगता काहीही देऊ नका. अंगदुखीवरच्या नेहमीच्या दुकानी गोळ्याही नाहीत, त्या किडनीवर येतात.

आता स्कोअर ज्या गोष्टी मोजतच नाही त्या सांगतो, कारण यादीवरची माणसं बऱ्याचदा त्यांनीच जातात. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग. त्यात ताप येईलच असं नाही, कधी नुसतं पोट दुखतं किंवा लघवी अचानक कमी होते. आणि मेंदूवर परिणाम: झोपेचं उलटं चक्र, हात पुढे धरले की ते फडफडणं, नाव-वार विसरणं, असंबद्ध बोलणं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, लॅक्ट्युलोज (पोट साफ होण्याचं औषध) दिलं असेल तर दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हायला हवेत. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दुर्बीण झालीय का? नसेल तर आधी ती करा.

शिरपूरकर_पुण्यात – मंगळवार, दुपारी

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एवढा डेटा असताना अजून चार तपासण्यांच्या सूत्रावर का चालायचं? मशीन लर्निंगने प्रत्येक रुग्णाचा वेगळा अंदाज काढता यायला हवा.

आकडेमोड_जळगाव – मंगळवार, रात्री

प्रयत्न झालेत आणि चांगले झालेत. २०१९ मध्ये ओपॉम नावाचं मॉडेल आलं. रुग्ण तीन महिन्यांत दगावेल किंवा प्रत्यारोपणाच्या पलीकडे जाईल याचा अंदाज ते निर्णयवृक्षांनी, म्हणजे एकामागून एक हो-नाहीचे प्रश्न विचारत, काढतं. संगणकावरच्या तुलनेत यादीचा क्रम त्याने लावला तर मृत्यू मेल्डपेक्षा कमी होतील असं दिसलं. "प्रत्यारोपणाच्या पलीकडे" हे त्यात मोजलंय, हे मला महत्त्वाचं वाटतं. यादीवरून नाव कमी झालं ते बरं वाटलं म्हणून नाही, तर शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणून, असं होतं, आणि ते मृत्यूइतकंच गंभीर.

पण ब्रिटनचं उदाहरणही वाचा. तिथे २०१८ पासून संगणक अनेक माहित्या एकत्र करून ठरवतो की हे यकृत कोणाला दिलं तर किती फायदा. पुढे लक्षात आलं की तरुण रुग्णांना त्यात कमी गुण पडतायत. हिशोब पुढच्या पाच वर्षांचा होता, आणि तरुण माणसाला त्यापुढे मिळणारी पुष्कळ वर्षं त्यात मोजलीच जात नव्हती. सूत्र गुंतागुंतीचं असल्याने हे रुग्णांना कळायलाही वेळ लागला. मेल्डचा फायदा असा की चोपड्यात बसून तापीकाठ ताई तो वहीवर काढू शकल्या. कुठलंही नवं मॉडेल आपल्याकडे आणायचं तर आधी आपल्याच रुग्णांवर पडताळायला हवं. तुमच्यासारख्या मुलांनी त्यात पडावं असं मला मनापासून वाटतं.

सातपुडा_पायथा – बुधवार, सकाळी

सगळं वाचलं. एक गोष्ट राहतेय असं वाटतं म्हणून लिहितो.

मी नंदुरबारच्या अक्राणी भागात आरोग्याचं काम करतो. तुम्ही सगळे यादीवर असलेल्या माणसाच्या धोक्याबद्दल बोलताय. आमची माणसं यादीवर नाहीतच. पोट फुगलं की तालुक्याच्या ठिकाणी पाणी काढून आणतात, पुन्हा फुगलं की पुन्हा, आणि एक दिवस ते थांबतं. कुठल्याही अभ्यासातल्या टक्क्यांत ती येत नाहीत. नंदुरबारला मेडिकल कॉलेज झालंय, तिथवर माणूस पोचला तरी पुढे मुंबई-पुणे म्हटल्यावर घरचे मागे फिरतात. खाजगीत २० ते ३० लाखांचा खर्च ऐकला की कोण थांबणार?

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सिरॉसिसच्या प्रत्येक रुग्णाचा स्कोअर कागदावर लिहून द्या. तीनच तपासण्या आणि सोडियम. १५ च्या वर गेला की पुढे पाठवा. स्कोअर १५ च्या खाली असेल तर शस्त्रक्रियेचा धोका थांबण्यापेक्षा जास्त असतो आणि वर गेला की फायद्याचं पारडं जड होतं, असं मला एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. मग आमच्याकडे माणूस तीस-पस्तीस वर पोचल्यावरच का हलवला जातो?

फिजिशियन_धुळे – बुधवार, दुपारी

तुमचं शंभर टक्के पटलं. १५ ची रेघ बरोबर आहे, अमेरिकेतल्या २००५ च्या अभ्यासावरून ती आली. त्याला एक जोड द्या: पोटात पहिल्यांदा पाणी झालं, पहिल्यांदा रक्ताची उलटी झाली किंवा पहिल्यांदा भ्रम झाला, तर स्कोअर कितीही असो, प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना एकदा दाखवावं. यकृतात गाठ असेल तरीही. तिथे स्कोअर कमी असूनही गाठ वाढून हातची वेळ निघून जाते.

दारू पिणाऱ्याला पाठवूच नये असं अजून बरेच जण धरून चालतात. दारू सोडून सहा महिने झाले पाहिजेत हा बऱ्याच ठिकाणचा दंडक आहे, पण तो सरसकट मृत्युदंड होऊ नये. २०११ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात दारूने झालेल्या तीव्र यकृतदाहाचे, औषधांना दाद न देणारे रुग्ण निवडून लवकर प्रत्यारोपण केलं. सहा महिन्यांनी त्यातले ७७ टक्के हयात होते, तसेच पण प्रत्यारोपण न झालेले २३ टक्के. निवड फार काटेकोर होती, कुटुंब पाठीशी होतं. पण "पितो ना, मग जाऊ द्या" हे वैद्यक नाही.

समन्वयक_मूळ_पारोळा – बुधवार, रात्री

मी प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते, रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. कामाचं तेवढं सांगते.

मेंदूमृत दात्याचं यकृत मिळण्याची यादी विभागवार असते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय केंद्रं आहेत. नोंदणी रुग्णालयामार्फतच होते. रक्तगट जुळायला लागतो. ज्यांचं यकृत अचानक काही दिवसांत निकामी झालंय, त्यांना तातडीचं प्राधान्य मिळतं. २०२३ पासून अधिवासाची अट केंद्राने काढायला सांगितली आहे, म्हणजे नंदुरबारचा माणूस सुरतेला नाव नोंदवायला गेला तर केवळ राज्य वेगळं म्हणून अडवता येत नाही. पैशांसाठी मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी आणि काही मोठे न्यास यांचे अर्ज एकाच वेळी करा, रुग्णालयातला समाजसेवा विभाग मदत करतो.

तापीकाठ ताई, आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. वाट बघू नका, दात्याची तपासणी सुरू करा. आपल्या देशात बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्यांच्या यकृतातून होतात, यादीतून होणारी कमी. त्यात ओ गटाच्या रुग्णाला ओ गटाचंच यकृत लागतं. स्कोअर दिवाळीपासून चढतोय. २६ ला केलेली शस्त्रक्रिया आणि ३५ ला, डायलिसिसवर असताना केलेली शस्त्रक्रिया यात आप्पांसाठी फार फरक आहे. यादीतलं नाव काढू नका, दोन्ही वाटा चालू राहू द्या. आणि फोन आला तर निघायचं कसं हे आजच ठरवा. यकृत बाहेर काढल्यावर तासांचा हिशोब असतो आणि चोपड्याहून मुंबई जवळ नाही. गाडीवाला, सोबतचा माणूस, पैसे, फाइल, सगळं तयार ठेवा. तब्येत आणखी घसरली तर मुंबईतच खोली घेऊन राहावं लागेल.

घरात ओ गट कोणाचा आहे?

तापीकाठ – गुरुवार, रात्री

आई आणि भाऊ बी पॉझिटिव्ह. ओ फक्त माझा.

मी द्यायला तयार आहे, पहिल्या दिवसापासून. यजमानांची ना नाही. सासूबाईंना भीती वाटते, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. त्या वाईट नाहीत, त्यांचं म्हणणं एवढंच की एक वाचवताना दोन घरं बसायला नकोत. आप्पांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "लेकीचं घ्यायचं नाही." यावर काय बोलावं ते मला सुचत नाहीये. दात्याला खरा धोका किती असतो ते कोणी स्पष्ट सांगाल का? गोड करून नको.

समन्वयक_मूळ_पारोळा – गुरुवार, रात्री

स्पष्टच सांगते. यकृताचा उजवा मोठा भाग देताना दात्याचा जीव जाण्याचं प्रमाण जगभरात हजारात दोन ते पाच असं धरलं जातं. पित्त गळणं, जखमेत जंतू, हर्निया असे त्रास याहून बऱ्याच जास्त दात्यांना होतात, बहुतेक उपचाराने बरे होतात. साधारण आठवडाभर रुग्णालय, तीन महिने जड उचलायचं नाही. मुलीला कडेवर घेणंही नाही, हे सासूबाईंना आधी सांगा म्हणजे घरात तशी सोय करता येईल. राहिलेलं यकृत पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक वाढून येतं. मागे किमान ३० ते ३५ टक्के यकृत उरत नसेल तर तुम्हाला दाता म्हणून घेतलंच जाणार नाही. तपासणीत नाकारले जाणारे बरेच असतात, ते दात्याच्याच भल्यासाठी.

दात्यांमध्ये बायका जास्त आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, हे मी रोज बघते. म्हणून कायद्यात बाईसाठी वेगळी खबरदारी आहे: तिची ओळख आणि तिची स्वतःची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने पडताळायची असते. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर तुम्हाला एकटीला विचारतील. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सुद्धा नाही म्हणता येतं, आणि कारण घरी सांगितलं जात नाही. यजमानांशीही बोलतील, त्यांना सोबत आणा. सासूबाईंनाही आणा, त्यांचे प्रश्न डॉक्टरांनाच विचारू द्या.

केळीबाग_रावेर – शुक्रवार, सकाळी

ताई, आमच्या मेहुणीशी तुमच्या सासूबाईंचं बोलणं करून देतो, ती स्वतः तयार आहे. तीही दोन लेकरांची आई. निरोप खाजगीत पाठवलाय. आप्पांशी मी बोलू का? मंडळीही तेव्हा "बहिणीचं नको" म्हणत होत्या.

तापीकाठ – रविवार, दुपारी

सासूबाईंचं काल तुमच्या मेहुणीशी बरंच वेळ बोलणं झालं. त्यांनी सगळे प्रश्न वहीत लिहून ठेवले होते. येत्या बुधवारी माझी तपासणी आहे, त्या स्वतः सोबत येतायत. आप्पा अजून हो म्हणालेले नाहीत, पण "तपासणी तर करून घे" एवढं म्हणाले. कालचं सोडियम १३०, क्रिएटिनिन १.३. भुसावळहून रात्रीच्या गाडीची तिकिटं काढलीत. सोबत काय काय घेऊ?

समन्वयक_मूळ_पारोळा – रविवार, संध्याकाळी

आधार, रेशनकार्ड, तुमचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला ज्यावर आप्पांचं नाव आहे, विवाह प्रमाणपत्र, लग्नाआधीचे आणि नंतरचे कुटुंबाचे एकत्र फोटो. सगळ्यांच्या दोन-दोन प्रती. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र, इथेच सगळ्यांचा वेळ जातो. तुमच्या जुन्या बाळंतपणाचे, शस्त्रक्रियांचे कागद असतील तर तेही. सकाळी उपाशीपोटी जा, सोनोग्राफी आणि रक्त आधी होईल. सीटी त्याच दिवशी होईलच असं नाही, तेव्हा परतीचं तिकीट गुरुवार रात्रीचं काढा. कसली ॲलर्जी असेल तर आधी सांगा. आणि आप्पांचे दिवाळीपासूनचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून घ्या, तो चढ डॉक्टरांना एका नजरेत दिसला पाहिजे.